मजूरमंत्री बाबासाहेब आणि कष्टकरी बाई

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. महू, सातारा, कोलंबिया, महाडचे तळे, नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, घटना आणि नागपूरची दीक्षाभूमी. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला विहारात वक्ता उभा राहतो आणि ह्या पायऱ्या एकामागून एक चढत जातो. मात्र १९४२ ते १९४६ ही चार वर्षे आली की वक्त्याचा पाय घसरतो. बाबासाहेब मजूरमंत्री झाले, कामगारांचे कायदे केले, एवढ्या दोन वाक्यांत तो पुढच्या पायरीवर जातो.

त्या चार वर्षांत काय झाले, आणि त्यात बाईमाणसाच्या वाट्याला काय आले, हे जरा बसून वाचावे म्हणून हा लेख. बाबासाहेबांनी स्त्रीला देवी म्हटले नाही आणि तिची कीवही केली नाही. ती कष्ट करते, तिच्या कष्टावर घर चालते, गिरणी चालते, खाण चालते, तर त्या कष्टाचा पैसा तिच्या हातात आणि मिळकतीचा कागद तिच्या नावावर असला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण फार लवकर विसरतो.

हा हिशेब ते पुस्तकात शिकले त्याच्या कितीतरी आधी घरात शिकले होते. आई भीमाबाई ते पाच-सहा वर्षांचे असतानाच साताऱ्यात वारल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. पुढे सुभेदार रामजी मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. घरात पेन्शनचे पैसे तेवढे, आणि पोराला पुस्तकांचे वेड. पुस्तक मागितले की सुभेदार नाही म्हणत नसत. खिशात पैसे नसले तर मुंबईत दिलेल्या लेकींच्या घरी जात आणि उसने मागत. तिथेही पैसे नसले तर लेकीच्या अंगावरचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकत, पुस्तक आणत, आणि पेन्शन हातात आली की तो दागिना सोडवून परत करत. मंजुळा आणि तुळसा ह्या दोघी बहिणींचे डाग असे कितीदा मारवाड्याच्या पेटीत जाऊन आले असतील! बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचे नाव आपण घेतो, घेतलेच पाहिजे. पण सर्वांत आधीचे भांडवल ह्या दोन बहिणींचे होते.

दुसरे भांडवल माता रमाईचे. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले, रमाई मुंबईला आल्या आणि भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री त्यांचे लग्न लागले. १९१३ साली साहेब अमेरिकेला गेले, त्याच वर्षी सुभेदार गेले. मागे उरलेल्या बाईने शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या. चार लेकरे मातीआड केली. जेवढे येईल त्यात घर चालवले आणि परदेशात शिकणाऱ्या नवऱ्याला घरच्या ओढाताणीची झळ लागू दिली नाही. आपल्या गाण्यांतून रमाईच्या त्यागाचे गुणगान होते ते योग्यच आहे. पण त्यागाच्या जोडीला ती कमाई होती, हेही सांगायला पाहिजे. गोवरी विकून आलेला पैसा कुठल्या वहीत लिहिला गेला नाही एवढेच.

कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीवर पुष्कळांनी लिहिले होते. ह्या तरुणाने बोट ठेवले ते नेमके बाईवर. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे, आणि ते टिकवायचे तर बाईला बांधून ठेवावे लागते. नवरा मेला तर तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडून ठेवा, आणि मुलगी कळती होण्याआधीच तिचे लग्न लावून टाका. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या तिन्ही रूढी जातीच्या कुंपणाचे खांब आहेत, अशी मांडणी त्यांनी केली. म्हणजे जात मोडायची असेल तर बाईची बेडी आधी तोडावी लागणार, हे त्यांच्या डोक्यात महाडच्या आधी अकरा वर्षे पक्के होते.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी जमलेल्या बायांशी वेगळे बोलणे केले. कोपरापर्यंतचे कथलाचे-चांदीचे दागिने आणि जात ओळखू येईल असा पेहराव सोडा, घर स्वच्छ ठेवा, पोरींना शाळेत घाला, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला आणि पोराला जेवू घालू नका, असा त्या बोलण्याचा मतलब होता. लुगडे नेसण्याची पद्धत बायांनी तिथल्या तिथे बदलली, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. दारूचा मुद्दा मात्र पैशाचाही होता. बाईच्या मजुरीला सर्वांत मोठे भोक दारूचे होते, आणि आजही कित्येक घरांत आहे.

त्याच वर्षी ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले. १९२८ च्या जुलैमध्ये तिथे गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणात पगारी रजा देण्याचे बिल आले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रिळिंग ह्या खात्यांत बायाच असत. पोटुशी बाई अगदी दिवस भरेपर्यंत उभी राहून काम करी, आणि बाळंत झाली की मजुरी बंद. कर्ज काढून बाळंतपण, आणि ते फेडायला दहा-पंधरा दिवसांत पुन्हा गिरणीचा भोंगा. बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा दिला. पण त्यांनी केलेला युक्तिवाद दयेचा नव्हता. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारने उचलला पाहिजे. आणि मालक बाईला कामावर ठेवतो ते तिच्यावर उपकार म्हणून नाही, तिच्यापासून त्याला जास्त फायदा होतो म्हणून. मग ज्याला फायदा, त्याने खर्चाचा वाटा उचलावा.

१९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा बाळंतपण भत्त्याचा कायदा झाला. रोज आठ आणे मिळू लागले. मात्र भार सगळा मालकावर पडला. त्याचा परिणाम काय झाला? पुढच्या वर्षांत गिरण्यांतली बायांची संख्या उतरत गेली. नवी यंत्रे आली, रात्रपाळीत बायांना मनाई होती, ही कारणे होतीच. पण भत्ता द्यावा लागू नये म्हणून बाईच ठेवायची नाही, ही मालकांची युक्तीही त्यात होती. बाईसाठी केलेला कायदा बाईच्याच पोटावर येऊ शकतो तो असा. खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात घालू नका, सरकारनेही उचला, हे बाबासाहेबांचे म्हणणे किती दूरचे पाहणारे होते ते इथे कळते. पुढे कामगार विम्याची योजना आखली गेली ती ह्याच वाटेने. मालक, कामगार आणि सरकार मिळून निधी उभा करतात, आणि भत्ता देताना एका मालकाच्या खिशाला हात लागत नाही. प्रा. अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली बाबासाहेबांच्याच मजूर खात्याकडे आला. कायदा १९४८ साली झाला, आणि त्यात बाळंतपणाचा भत्ता आहे.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि मोठ्या फरकाने तो पडला. वर्षाआड पाळणा हलतो त्या घरातली बाई ना मजुरीला जाऊ शकते, ना तब्येतीने टिकते, ना पोरांना शिकवू शकते. हे सभागृहात बोलायलाही त्या काळी माणसे लाजत होती.

आता येतो नागपूरच्या परिषदेकडे. जुलै १९४२. अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेला जोडून २० जुलैला महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या, त्यात गिरणीतल्या, बिडी कारखान्यातल्या, झाडूवाल्या, शेतमजूर अशा सगळ्या. ठराव काय झाले ते आपल्या बहिणींनी वाचावे. नवऱ्यापासून काडीमोड मिळण्याचा हक्क हवा, एकाला दोन बायका करण्याची पद्धत बंद व्हावी, गिरणी, बिडी, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना भरपगारी रजा, इजा झाली तर भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी. ऐंशी वर्षांपूर्वी, अक्षरओळख नसलेल्या बायांच्या सभेत हे ठराव झाले! बाबासाहेबांनी त्या सभेत सांगितले की समाज किती पुढे गेला हे ते त्यातल्या बाया किती पुढे गेल्या यावरून मोजतात. लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे आणि पायावर उभे राहिल्याशिवाय ती पोरांवर लादू नका, बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये, हेही सांगितले.

त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. महायुद्ध ऐन भरात होते. आणि तिथे त्यांच्यापुढे एक असा प्रश्न आला की ज्यात सरळ उत्तर नव्हते. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण तो आपल्याकडे कुणी सांगत नाही.

झरिया, राणीगंज भागातल्या कोळशाच्या खाणीत पूर्वापार नवरा-बायकोची जोडी काम करायची. पुरुष कोळसा तोडायचा आणि बाई तो टोपलीत भरून वाहून न्यायची. तिला तिकडे कामीन म्हणतात. अंधार, ओल, उकाडा, कोळशाची धूळ, आणि पाठीशी बांधलेले लेकरू. जमिनीखाली बायांना कामाला लावू नये असे ठरून १९२९ पासून त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी केली गेली आणि १९३७ साली पूर्ण बंदी झाली. बायांनी जमिनीखाली काम करू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९३५ मध्ये झाला होता, तोही भारताने मान्य केला. सुधारणा चांगलीच होती. पण जोडीतली एक मजुरी गेली. त्या घराची निम्मी चूल विझली, त्याचे कुणी काही केले नाही.

१९४३ मध्ये कोळशाचा तुटवडा पडला. लष्करी रस्ते, विमानतळ, छावण्या यांच्या कामावर जास्त मजुरी मिळे, तीही उघड्या हवेत, आणि बायकोलाही काम मिळे. खाणमजूर तिकडे निघून गेले. कोळसा नाही म्हणजे रेल्वे नाही, गिरणी नाही, वीज नाही. सरकारने आधी मध्य प्रांतात आणि मग बंगाल-बिहारमध्येही बायांवरची बंदी तात्पुरती उठवली. खाते बाबासाहेबांचे. देशभर ओरड झाली. महिला संघटनांनी विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय असेंब्लीत ह्यावर चर्चा झाली आणि बाबासाहेबांना उत्तर द्यावे लागले.

हा निर्णय त्यांच्या चरित्रातून झाकून ठेवण्यासारखा नाही, आणि झाकून ठेवायचे कारणही नाही. त्यांनी तो आनंदाचा निर्णय म्हणून मांडला नाही. अडचणीतला, थोड्या काळाचा म्हणून मांडला. पण त्यांनी त्याला अटी जोडल्या. अगदी बुटक्या बोगद्यांत बायांना कामाला लावायचे नाही. आणि जमिनीखाली बाईला पुरुषाएवढीच मजुरी द्यायची. एका कामाला एकच दाम, मग करणारा पुरुष असो की बाई, हे तत्त्व ह्या देशातल्या उद्योगात पहिल्यांदा लागू होत आहे, हे त्यांनी असेंब्लीत मुद्दाम नजरेस आणले. बाई म्हणजे निम्मी मजुरी हे इथल्या प्रत्येक शेतावर, प्रत्येक बांधकामावर ठरलेले. ते मोडण्याची सुरुवात कोळशाच्या बोगद्यात झाली.

त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादला गेले होते, खाणीत उतरले होते, मजुरांच्या चाळी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. चौकशी अहवाल मागवून कचेरीत बसणारा हा मंत्री नव्हता. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याणासाठी निधी स्थापन झाला, खाणीतून निघणाऱ्या कोळशावर पट्टी बसवून. घरे, दवाखाने, पाणी ह्यांसाठी तो पैसा. खाणीतल्या बाळंतिणींचा कायदा १९४१ सालचा होता. बाळंतपणाआधीच्या चार आठवड्यांचा भत्ता कुणाला आणि कसा, ह्याबद्दल त्याच्या शब्दांत गोंधळ होता. तो १९४३ मध्ये बाबासाहेबांनी दुरुस्त करून घेतला. बाया जमिनीखाली जाऊ लागल्यावर १९४५ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली. जमिनीखाली राबणाऱ्या बाईला बाळंतपणाआधी दहा आणि नंतर सहा असे सोळा आठवडे भत्ता, हे त्यातून आले. खाणीच्या तोंडाशी पाळणाघर असावे, हा नियमही त्याच सुमारास झाला. कामीन पोराला पाठीशी बांधून खाली नेई कारण वर ठेवायला जागा नव्हती. पोराला अफूचा कण देऊन झोपवायची रीतही त्या काळच्या कष्टकरी बायांत होती. पाळणाघर ही गोष्ट ऐकायला लहान वाटते, पण ज्या बाईने पोर झाडाला झोळीत टांगून रोजगार हमीवर खडी फोडली आहे तिला विचारा.

युद्ध संपले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून जमिनीखालच्या कामाची बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला. तरी माझ्या मनात एक प्रश्न राहतोच. देशाला कोळसा हवा होता तेव्हा बाईला खाली बोलावले. गरज सरली तेव्हा तिला वर पाठवले. वर आलेल्या बाईच्या कमाईचे काय? मंदी आली की सर्वांत आधी बाई घरी, आणि तेजी आली की सर्वांत शेवटी बाईला हाक, तीही निम्म्या मजुरीवर. मुंबईच्या गिरणीत तेच झाले होते, झरियाच्या खाणीतही तेच. संरक्षणाच्या नावाने बाईचे काम काढून घेणे आणि कामाच्या नावाने तिचे हाल करणे, ह्या दोहोंच्या मध्ये वाट काढायची होती, आणि ती नुसत्या कामगार कायद्याने निघणारी नव्हती. पुढे २०१९ साली सरकारने खाणीचे नियम बदलले आणि तांत्रिक व देखरेखीच्या जागांवर बायांना जमिनीखाली दिवसपाळीत काम करायला परवानगी दिली. म्हणजे ऐंशी वर्षे हा झगडा चालूच होता.

मजूरमंत्री असताना युद्धानंतरच्या उभारणीचेही मोठे काम त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीचा विकास, विजेचे धोरण, कामगार-मालक-सरकार यांची त्रिपक्षीय परिषद, युद्धावरून परतणाऱ्यांसाठी रोजगार केंद्रे, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचे काम. प्रत्येकावर वेगळा लेख होईल, इथे नुसता उल्लेख करतो.

घटनेतही ही माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पंधराव्या कलमात स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही असे आहे आणि त्याच कलमात स्त्रिया व मुलांसाठी खास सोय करायला सरकारला मोकळीक आहे. एकोणचाळिसाव्यात समान कामाला समान वेतन आहे, बेचाळिसाव्यात बाळंतपणाची मदत आहे. ही शेवटची दोन मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, त्यांसाठी थेट कोर्टात जाता येत नाही. पण त्यांच्यावरूनच पुढे १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला, १९७६ चा समान वेतनाचा कायदा आला, आणि २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मात्र ही रजा नोकरीचा कागद असलेल्या बाईला. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या बायांना सव्वीस आठवडे कोण देतो?

मजुरी आज आहे, उद्या नाही. मिळकत नावावर असली तर बाई उभी राहते. हिंदू कोड बिलाचा गाभा हा होता. घटस्फोटावरून गदारोळ झाला, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली, मोर्चे निघाले. पण खरी कळ लागली होती ती वारसाहक्काच्या कलमांनी. तोवर विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क होता तो जिवंत असेतोवर वापरण्यापुरता. विकता येत नसे, लेकीला देता येत नसे. बाबासाहेबांनी तो पूर्ण मालकीचा केला. मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाएवढा वाटा दिला. आणखी एक कलम फारसे कुणाला माहीत नाही. लग्नात हुंडा म्हणून जे दिले जाईल ते सासरच्यांनी विश्वस्त म्हणून सांभाळायचे, आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या हवाली करायचे. हुंडा बंद होईल तेव्हा होईल, पण जो दिला जातो तो निदान जिच्या नावाने दिला तिच्या हातात तरी पडू दे, असा हा अर्थशास्त्रज्ञाचा डोळा.

बिल १९४७ पासून पुढे सरकत-अडखळत राहिले. सप्टेंबर १९५१ मध्ये चर्चा झाली, जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि सरकारने बिल बाजूला ठेवले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे आणखीही होती. मागासवर्गीयांकडे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळात महत्त्वाची कामे न मिळणे. पण हिंदू कोड बिल मारले गेले हे त्यातले मोठे दुःख. ज्या समाजातल्या बायांसाठी ते झगडले त्यातल्या बहुतेकींनी त्यांचे नावही घरात घेऊ दिले नव्हते. आपल्या समाजात तर वाटण्या करायला जमीनच नव्हती. तरी त्यांनी खुर्ची सोडली.

त्याच १९५१ साली महाबोधी मासिकात त्यांनी हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती यावर लेख लिहिला. भगवान बुद्धांमुळे स्त्रीचा दर्जा घसरला असा आरोप एका लेखात झाला होता, त्याला ते उत्तर होते. संघात भिक्षुणींना प्रवेश होता, थेरींनी ज्ञान मिळवले, आणि बाईला वेद व संपत्ती नाकारली ती मनूने, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले.

बिलाचे तुकडे करून पुढे चार कायदे झाले. त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला. चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. अंगावरचा किडूकमिडूक डाग मोडून, पांढरे लुगडे नेसून, लेकरे कडेवर घेऊन बाया आल्या, आणि नवऱ्यामागे उभे राहून नव्हे तर आपल्या तोंडाने त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आपले बिल तुकड्या-तुकड्यांनी का होईना कायदा होताना त्यांनी पाहिले होते.

पण त्यातही खोट राहिली. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलीला दिला, साऱ्या देशात २००५ मध्ये मिळाला. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी लेकीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यातून उकरल्या जात नाहीत. नावात हिंदू असले तरी हा वारसा कायदा बौद्धांना, जैनांना आणि शिखांनाही लागू आहे, हे आपल्या पुष्कळ बहिणींना ठाऊक नसते.

ठाऊक असते ते हक्कसोड पत्र. बाप गेला की तेराव्याच्या ऐवजी आपण पुण्यानुमोदन करतो, बुद्धवंदना घेतो, भोजनदान देतो. आणि पुढच्या महिन्यात भाऊ बहिणीला रिक्षात घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. एक साडी, दोन गोड शब्द, माहेर तुटेल ही भीती, आणि बहीण सही करते. बुद्धविहाराच्या कमिटीवरचा भाऊही हेच करतो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. गावाकडचा अर्धा एकर असो, चाळीतली खोली असो की झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेला फ्लॅट असो, त्या कागदावर सही करायची सक्ती बहिणीवर कुठलाच कायदा करत नाही. भाऊ माया म्हणून मागतो तेव्हा तिने कागद घरी आणून, वाचता येणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यावा. नोंदणी झाल्यावर तो फिरवायचा तर दिवाणी कोर्टात जावे लागते, आणि तिथे फसवणूक झाली हे तिलाच सिद्ध करावे लागते.